दाढ भरायची आहे आणि पोटात गोळा आलाय

बोरीवली पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडून एल.टी. रोड किंवा चंदावरकर रोडने दहा मिनिटं चाललं, तरी दंतवैद्यांच्या किती पाट्या दिसतात! एका इमारतीत पहिल्या मजल्यावर एक, समोरच्या सोसायटीच्या गाळ्यात दुसरा. संध्याकाळी सातच्या सुमारास लोकल रिकामी होते, लोक भाजीची पिशवी भरतात, त्या पाट्यांखालून घरी जातात. त्या गर्दीत एखादी तरी बाई किंवा एखादा तरी तरुण असा असतो, ज्याची गेले दोन महिने पाणीपुरीचं गार पाणी लागलं की डावीकडची दाढ शिवशिवते. एकदा धीर करून दाखवून झालेलं असतं. डॉक्टरांनी छोटा आरसा तोंडात फिरवून सांगितलेलं असतं, "लहानशी कीड आहे, भरून टाकू. अर्ध्या तासाचं काम." तो अर्धा तास मात्र काही केल्या सापडत नाही. आधी ऑफिसचं ऑडिट असतं, मग गणपती, मग मुलांच्या परीक्षा.

खरं कारण घरात बोललं जात नाही. माणसाला भीती वाटत असते, आणि चाळिशीच्या माणसाने दाताच्या डॉक्टरला घाबरावं, याची लाज त्याहून जास्त वाटत असते.

ही लाज आधी बाजूला ठेवायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मुखारोग्याचा जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या अंदाजानुसार जगात सुमारे दोनशे कोटी लोकांच्या कायमच्या दातांना कीड आहे आणि पन्नास कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांना. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांचे दात किडलेले आढळले होते. म्हणजे फिलिंगची पाळी बहुतेकांवर कधी ना कधी येतेच. आणि भीती इतकी सार्वत्रिक आहे की ती मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी रीतसर पट्टी तयार केली आहे.

अमेरिकेतल्या नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये चार प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढे १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या जेरी हम्फ्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीत इंजेक्शनविषयीचा पाचवा प्रश्न घातला. प्रश्न अगदी साधे आहेत. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं असेल तर आज कसं वाटेल? बाहेरच्या बाकावर नंबर येण्याची वाट पाहताना? दात कोरला जाणार असेल तेव्हा? दात साफ करताना? हिरडीत इंजेक्शन देताना? प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण. एकूण पंचवीसपैकी एकोणीस किंवा त्याहून जास्त आले, तर भीती फार मोठी आहे असं धरतात. घरी पाच मिनिटांत कागदावर करता येण्याजोगी ही गोष्ट आहे, आणि ती करून तो कागद डॉक्टरांच्या हातात ठेवावा. "मला भीती वाटते" हे तोंडाने म्हणायला जड जातं, कागद ते काम सोपं करतो.

या पाच प्रश्नांपैकी पहिले दोन नीट वाचले तर एक गोष्ट लक्षात येते. त्या दोन्ही वेळी दाताला कुणी हातही लावलेला नसतो. आदल्या रात्री अंथरुणात आणि बाहेरच्या बाकावर जे होतं, ते दुखणं नव्हे, ती वाट पाहणं आहे. पहिल्या फिलिंगच्या बाबतीत तर हे फारच खरं असतं, कारण आत काय होणार याचं चित्रच डोळ्यांसमोर नसतं आणि ती रिकामी जागा मन भलत्याच गोष्टींनी भरून काढतं. बोरीवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात तिसऱ्या घंटेआधी विंगेत उभ्या असलेल्या नवख्या नटाचंही हेच होत असतं: छाती धडधडते, तळहात ओले होतात, घशाला कोरड पडते. शरीर संकटासाठी तयार होत असतं. पडदा उघडला, पहिलं वाक्य बोलून झालं की त्यातलं बरंचसं ओसरतं, कारण पुढचं वाक्य कोणतं ते त्याला पाठ असतं.

तेव्हा पुढचं वाक्य कोणतं, ते माहीत करून घेणं हाच या भीतीवरचा पहिला उपाय. "घाबरू नका, काही होत नाही" असं म्हणून पाठीवर थाप मारल्याने कुणाचीही भीती गेलेली नाही.

ही भीती अनेकदा दुसऱ्याकडून आलेली असते. आजोबांची दाढ कशी काढली, मावशीला कसं रात्रभर ठणकत होतं, या गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात. त्या खोट्या नसतात, पण त्या दुसऱ्या काळातल्या आणि दुसऱ्या यंत्राच्या असतात. १८७१ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स मॉरिसन यांनी पायट्यावर चालणारं दात कोरण्याचं यंत्र आणलं. शिवणयंत्रासारखा पाय मारायचा आणि पट्ट्याने टोक फिरायचं. पुढे वीज आली तरी पट्टा बरीच वर्षं राहिला. ते टोक सावकाश फिरे, दात थरथरे, आणि काम लांबत जाई. १९५७ मध्ये जॉन बोर्डन यांचा हवेच्या दाबावर फिरणारा एअरोटर बाजारात आला आणि चित्र पालटलं. मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे घेणारं ते टोक किडलेला भाग हलक्या हाताने, काही मिनिटांत काढून टाकतं, आणि दात तापू नये म्हणून त्यावर पाण्याचा बारीक फवारा सतत उडत असतो. आपल्या दवाखान्यांत आजही डॉक्टर त्याला एअरोटरच म्हणतात.

आणि दात कोरणं ही तशी आजकालची गोष्ट नाही. आजच्या पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात मेहरगढ इथे उत्खनन झालं, तेव्हा साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली सुबक भोकं सापडली. 'नेचर' नियतकालिकात २००६ मध्ये त्याचा वृत्तांत आला. भोकांच्या कडा चावण्याने झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे ती माणसं त्यानंतरही जेवत-खात जगली. त्यांना बधिर करणारं इंजेक्शन मात्र कुणी दिलं नव्हतं.

ते मिळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं, आणि त्याचं श्रेय बऱ्याच अंशी दंतवैद्यांकडेच जातं. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेत हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ज्याला लोक लाफिंग गॅस म्हणतात तो, हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. दोन वर्षांनी त्यांचे पूर्वीचे भागीदार विल्यम मॉर्टन यांनी बॉस्टनमध्ये ईथरची भूल देऊन दाखवली. मॉर्टनही दंतवैद्यच. १८८४ मध्ये कोकेनने फक्त तेवढीच जागा बधिर करता येते हे कळलं, पण कोकेनचे धोके मोठे होते. १९४३ मध्ये स्वीडनमधल्या निल्स लोफ्ग्रेन यांनी लिडोकेन तयार केलं आणि त्यांचे तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते आधी स्वतःवर टोचून पाहिलं. आपल्याकडे त्यालाच लिग्नोकेन म्हणतात. बोरीवलीच्या कुठल्याही दवाखान्यात फिलिंगआधी जे इंजेक्शन मिळतं, ते बहुधा हेच.

आता प्रत्यक्ष खुर्चीवर काय होतं ते क्रमाने पाहू.

खुर्ची मागे झुकते, डोक्यावरचा दिवा लागतो, गळ्याभोवती कागदी रुमाल अडकवतात. डॉक्टर आरसा आणि एक बारीक टोकाचा, चिमटीत धरायचा दाभणवजा हुक घेऊन दाढा तपासतात. बहुतेकदा एक छोटा एक्स-रे काढतात, कारण कीड वरून टाचणीच्या डोक्याएवढी दिसली तरी आत पसरलेली असू शकते. दाताचं सगळ्यात वरचं पांढरं कवच म्हणजे एनॅमल. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ हाच, आणि त्यात नस नसते. म्हणून कीड फक्त तिथे असेल तर काहीच दुखत नाही, आणि ती कोरतानाही दुखत नाही. त्याखाली डेंटिन नावाचा मऊसर थर असतो. कीड तिथे पोचली की गार आणि गोड लागतं. त्याच्याही आत नस आणि रक्तवाहिन्या असलेला गाभा असतो. फिलिंग हे पहिल्या दोन थरांचं काम आहे. कीड गाभ्यात शिरली की मग रूट कॅनलशिवाय सहसा इलाज उरत नाही.

कीड उथळ असेल तर डॉक्टर इंजेक्शन लागणारही नाही असं सांगतात. लागणार असेल तर आधी हिरडीवर बधिर करणारी जेल लावायला सांगावं, किंवा स्प्रे मारायला. मिनिट-दोन मिनिटं थांबलं की वरची कातडी सुन्न होते आणि सुईचा टोचा बराच बोथट होतो. त्यानंतर जे दुखतं ते सुईमुळे कमी आणि औषध भराभर आत ढकलल्यामुळे जास्त. औषध सावकाश सोडणारा डॉक्टर हा हाताचा चांगला डॉक्टर, असं खुशाल समजावं. "जरा हळू द्या" असं म्हणण्यात काहीही गैर नाही. औषधात बहुधा थोडं ॲड्रिनलिन असतं, त्यामुळे क्षणभर छाती धडधडू शकते. दोन-चार मिनिटांत ती शांत होते. पण रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण, कुठल्या औषधाची ॲलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यातलं काहीही असेल तर ते इंजेक्शनच्या आधी सांगितलंच पाहिजे.

पाचेक मिनिटांत ओठ सुजल्यासारखा, परका वाटू लागतो. आरशात पाहिलं तर तो जसाच्या तसा असतो. बोटाने दाबलं तर दाब कळतो, टोचलेलं मात्र कळत नाही. पहिल्यांदाच फिलिंग करणाऱ्याने नेमकं हेच लक्षात ठेवायला हवं. बधिर होतं ते दुखणं. दाब, थरथर, पाण्याचा गारवा आणि आवाज राहतातच. ज्याला हे कुणी सांगितलेलं नसतं, तो एअरोटरची पहिली थरथर जाणवताच "इंजेक्शन लागलंच नाही" असं समजून ताडकन उठतो.

मग एअरोटर सुरू होतो. त्याचा तो बारीक, चिरका आवाज कानातून तर येतोच, शिवाय दातातून आणि कवटीच्या हाडातूनही थेट आत पोचतो, म्हणून शेजारी उभ्या असलेल्या माणसापेक्षा खुर्चीतल्या माणसाला तो कितीतरी मोठा वाटतो. ओठाच्या कोपऱ्यात अडकवलेली सक्शनची नळी सुर्र करत पाणी ओढून घेत असते. मधूनमधून डॉक्टर थांबतात, हवा मारून पाहतात, आवाज जाडसर होतो. ते दुसरं, सावकाश फिरणारं टोक. किडीचा मऊ झालेला शेवटचा थर त्याने किंवा हाताच्या छोट्या चमच्याने खरवडतात. छोट्या खड्ड्याला हे सगळं मिळून पाच-सात मिनिटं पुरतात.

पुढचा भाग बिनआवाजाचा. आजूबाजूला कापसाचे बोळे ठेवून दात कोरडा करतात. बहुधा निळ्या रंगाची जेल खड्ड्यात सोडतात. ते सौम्य प्रमाणातलं फॉस्फोरिक ॲसिड असतं, पंधरा-वीस सेकंदांत दाताचा पृष्ठभाग खरखरीत करतं. ते धुतल्यावर चिकटवायचं द्रव्य, आणि त्यावर दाताच्याच रंगाचं काँपोझिट, कणकेसारखं मऊ. एका वेळी साधारण दोन मिलिमीटरचा थर भरतात आणि त्यावर निळा प्रकाश टाकतात. बीप वाजतो, वीस सेकंदांत थर दगडासारखा घट्ट होतो. मग पुढचा थर. त्या निळ्या दिव्याकडे टक लावून पाहू नये, डॉक्टर मध्ये नारिंगी काच धरतातच. घरी लोक याला अजूनही "सिमेंट भरलं" म्हणतात. जुन्या लोकांच्या दाढांत दिसते ती "चांदी" म्हणजे पाऱ्याचं मिश्रण. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून त्याचा वापर जवळजवळ बंद केला आहे. मुलांसाठी आणि काही खड्ड्यांसाठी ग्लास आयोनोमर नावाचं तिसरं द्रव्य वापरतात, ते फ्लोराइड सोडत राहतं.

शेवटी निळा किंवा लाल कार्बनसारखा कागद दातांमध्ये ठेवून डॉक्टर सांगतात, "टक टक चावा." जिथे फिलिंग उंच राहिलं असेल तिथे डाग उमटतो आणि तेवढाच भाग घासतात. इथे घाई करू नये. ओठ सुन्न असल्याने अंदाज येत नाही आणि मग घरी गेल्यावर पहिल्या घासालाच तो दात टोचतो. तसं झालं तर दुसऱ्या दिवशी परत जावं, दोन मिनिटांत ते सारखं होतं.

दोन-तीन तास ओठ-गाल बधिर राहतो. तेवढा वेळ कटिंग चहासुद्धा नको. गरम आहे हे कळत नाही आणि जीभ पोळते, किंवा गाल चावला जातो. लहान मुलं गंमत म्हणून बधिर ओठ चावत बसतात, त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. पुढचे काही दिवस गार लागणं स्वाभाविक आहे. ते वाढत गेलं किंवा रात्री ठणका लागला तर मात्र डॉक्टरांना सांगायला हवं.

हे सगळं माहीत असूनही हात थरथरतातच, हे मान्य करून पुढचं बोललं पाहिजे. पहिली गोष्ट खुणेची. इंजेक्शनच्या आधीच डॉक्टरांशी ठरवून घ्यावं: डावा हात वर केला की थांबायचं. डावा, कारण डॉक्टर बहुधा उजव्या बाजूला बसतात. दंतवैद्यकात ही रीत जुनी आणि सर्वमान्य आहे. तोंड उघडं, त्यात नळी, बोलता येत नाही, या असहायपणातून निम्मी भीती येते. हात वर केला आणि यंत्र खरोखर थांबलं, हे एकदा अनुभवलं की बरेच जण नंतर हात वर करतच नाहीत. खूण ठरवायला नकार देणारा किंवा खूण करूनही न थांबणारा डॉक्टर असेल, तर दुसरा शोधावा. या बाबतीत भीड बाळगण्याचं काही कारण नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. संध्याकाळी ऑफिसातून धक्के खात यायचं आणि मग आठच्या नंबरला बसायचं, म्हणजे दिवसभर त्याच विचारात काढायचा. सुट्टीच्या दिवशी सकाळचा पहिला नंबर घ्यावा. बाकावर थांबणं वाचतं, आणि डॉक्टरही ताजेतवाने असतात. भीती जास्त असेल तर पहिल्या भेटीत काहीच करून घ्यायचं नाही, नुसतं बघून यायचं, खुर्चीत बसायचं, एअरोटरचा आवाज हवेत ऐकायचा.

पोट रिकामं ठेवू नये. उपाशीपोटी इंजेक्शन घेतलं की चक्कर येण्याचा संभव वाढतो. वझिरा नाक्याच्या गणपतीला संकष्टीचा उपास धरणाऱ्यांनी फिलिंगसाठी दुसरा दिवस निवडावा. सुई पाहिली की ज्यांना खरंच भोवळ येते, त्यांच्यासाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी एक साधा व्यायाम शोधून काढला आहे. हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून धरायचे, मग सैल सोडायचे, अर्ध्या मिनिटाने पुन्हा. त्याने खाली घसरणारा रक्तदाब वर राहतो. बाकीच्यांसाठी उलटं: श्वास नाकाने सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. नॅशनल पार्कात सकाळी चालायला जाणारे कितीतरी लोक हे रोज करतात. तेच खुर्चीत करायचं, एवढाच फरक. कानात हेडफोन घालून आवडीचं गाणं ऐकलं तर एअरोटरचा आवाजही दबतो. आधी तेवढं विचारून घ्यावं.

वासाचीही एक गंमत आहे. दाताच्या दवाखान्याचा जो खास वास येतो, तो बऱ्याचदा युजेनॉलचा, म्हणजे लवंगेच्या तेलातल्या मुख्य घटकाचा असतो. तात्पुरत्या फिलिंगमध्ये तो वापरतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की ज्यांना दंतवैद्याची भीती वाटते, त्यांचं शरीर नुसत्या या वासानेही घाबरल्यासारखं वागतं, आणि ज्यांना भीती नाही त्यांना तोच वास आवडतो. मसालेभाताच्या फोडणीत जी लवंग घरभर दरवळते, तीच ही. बाकावर बसल्या बसल्या हे आठवलं तरी मन थोडं सैलावतं.

मुलांचा प्रश्न वेगळा, आणि इथे मोठ्यांनी स्वतःकडे पाहायला हवं. "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" ही धमकी किती घरांत दिली जाते! मग त्याच मुलाला एके दिवशी त्याच डॉक्टरकडे हसत हसत जायला सांगायचं. ते कसं जमावं? "अजिबात दुखणार नाही" हेही सांगू नये. एकदा टोचलं की त्या मुलाचा आईवरचाही विश्वास उडतो आणि डॉक्टरवरचाही. "मुंगी चावल्यासारखं होईल, दहा मोजेपर्यंत संपेल" हे खरं आणि पुरेसं आहे. मुलांचे दंतवैद्य १९५९ पासून एक पद्धत वापरत आले आहेत: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मगच करायचं. पाण्याचा फवारा आधी मुलाच्या तळहातावर, फिरणारा ब्रश आधी नखावर, मग दातावर. मोठ्यांनीही ही मागणी करायला काय हरकत आहे?

भीतीचा एक खोडसाळपणा असा की ती आठवणीतही ढवळाढवळ करते. ब्रिटनचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड केंट यांनी १९८५ मध्ये दातांच्या रुग्णांना उपचाराआधी, लगेच नंतर आणि तीन महिन्यांनी दुखण्याविषयी विचारलं. घाबरलेल्या रुग्णांना तीन महिन्यांनी आठवलेलं दुखणं हे प्रत्यक्ष दुखण्यापेक्षा त्यांनी आधी कल्पिलेल्या दुखण्याच्या जवळचं होतं. म्हणजे फिलिंग सोपं गेलं तरी मन ते विसरतं आणि जुनीच भीती जपून ठेवतं. यावर उपाय नोंदीचा. दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या, ओठ बधिर असतानाच, मोबाइलमध्ये लिहून ठेवावं: दहापैकी किती दुखलं. पुढच्या वेळी आदल्या रात्री तो आकडा वाचावा.

आणि चालढकल? तिची किंमत दातच मोजतो. दर वेळी गोड किंवा पिठूळ खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात. आम्लता वाढून पीएच ५.५च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. चहाबरोबर बिस्किट, मग तासाने पुन्हा चहा, असं दिवसभर चाललं तर लाळेला दुरुस्तीला वेळच मिळत नाही. कीड अगदी सुरुवातीला, नुसता पांढरा डाग असेल तेव्हा फ्लोराइडच्या पेस्टने आणि नीट घासण्याने थांबूही शकते. तेव्हा कोरायचीही गरज नसते, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. पण एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही. आज अर्ध्या तासात भरता येणारी दाढ वर्षभराने रूट कॅनल आणि कॅप मागते, चार-पाच खेपा घालायला लावते आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. ज्या दुखण्याला भिऊन माणूस थांबला, तेच मोठं होऊन येतं.

मधल्या काळात लवंगेचं तेल घटकाभर आराम देतं, पण कापसावर थेंबभरच घ्यावं. थेट ओतलं तर हिरडी भाजते. मशेरी किंवा तंबाखू दाबून ठेवणं तर सर्वस्वी घातक. खेड्यापाड्यांत रिंगणीच्या बियांचा धूर देऊन "किडे पाडण्याची" रीत होती. युरोपातही खुरासानी ओव्याच्या बियांचा असाच धूर देत आणि उष्णतेने बीतून फुटलेले पांढरे कोंब लोकांना अळ्या वाटत. दाताच्या किडीत अळी नसते. "कीड" हा शब्दच आपल्याला फसवतो.

राज्य सरकारने ३० मे २०२३ रोजी 'स्वच्छ मुख अभियाना'साठी सचिन तेंडुलकर यांना स्माइल ॲम्बेसेडर नेमलं, आणि नियमित तपासणी हा त्या अभियानाच्या संदेशांपैकी एक आहे. हे फार चांगलं झालं. पण तपासणीला न जाणाऱ्या कितीतरी लोकांना तिचं महत्त्व माहीत असतं. त्यांचे पाय अडतात ते भीतीपाशी आणि पैशापाशी. भीतीविषयीही तितक्याच मोठ्या आवाजात बोललं गेलं पाहिजे.

पैशाचं म्हणाल तर आधी विचारावं, स्पष्ट विचारावं. कोणतं द्रव्य, किती खर्च, किती खेपा, आणि कीड खोल निघाली तर काय. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे आहे ना, हेही पाहावं. खासगी दवाखाना परवडत नसेल तर बोरीवलीहून चर्चगेट फास्ट पकडून मुंबई सेंट्रलला उतरावं. तिथे महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे, १९३३ पासूनचं. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, म्हणून वेळ जास्त लागतो. पण घाबरलेल्या माणसाला सावकाश चाललेलं काम मानवतंही.

गार पाण्याने दाढ शिवशिवत असेल तर हे वाचून झाल्यावर एक फोन करा. नंबर घेताना पलीकडच्या माणसाला एवढंच सांगा: "पहिलंच फिलिंग आहे, मला भीती वाटते, सकाळचा पहिला नंबर द्या आणि थोडा जास्त वेळ ठेवा."